फडताळातली काच : वेंगुर्ल्याजवळच्या एका घरातल्या नोंदी

२ मे

पावसाआधी शाकारणी करायची आहे, म्हणून आत्याच्या माजघरातलं भिंतीतलं फडताळ आज रिकामं केलं. आतून काचेच्या २३ वस्तू निघाल्या. सगळ्यांवर धूर आणि धूळ यांचा मिळून झालेला चिकट थर. आत्याने पाटावर बसल्या बसल्या सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं, "ती बेल्जमची काच. तुझ्या पणज्यान मुंबयसून आगबोटीन हाडलेली."

जुनी काच म्हटली की ती बेल्जियमची, हे आमच्या घरात ठरूनच गेलंय. अपवाद दोनच. कंदिलाची चिमणी ओगल्यांच्या कारखान्याची, आणि देवपूजेच्या फुलांची काचेची परडी स्वदेशी, कारण तिच्या तळाशी मोर आहे.

घराच्या वाटण्या होणार आहेत. कोणाला काय द्यायचं हे ठरवण्याआधी प्रत्येक वस्तू नेमकी काय आहे, ते आत्याला कळायला हवंय. गेल्या महिन्यात जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी चार सोनेरी पेले 'बेल्जियम' म्हणून मागितले आणि परडी बाजूला सारली. तेव्हापासून आत्याच्या मनात घोळतंय. बिल नाही, पावती नाही, पणजोबांची वही वाळवीने खाल्ली. उरला तो काचेचा पृष्ठभाग. त्यालाच विचारायचं.

साहित्य: सोनाराचं दहापट भिंग, नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दोरा, बादली, काळं कापड, वही.

४ मे

धुलाई. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड. राखुंडी नाही, चिंच नाही, नारळाचं सोडण तर अजिबात नाही. पितळेला जे चालतं ते काचेवरच्या झिलईला चालत नाही. सोनेरी मुलामा दिलेल्या एका बशीची कड अर्धी पांढरी पडली आहे. घासणाऱ्या हाताने प्रेमानेच घासली असणार.

धुताना बोटांना जे कळलं ते लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नक्षी बाहेर आहे, आत आहे, की काचेच्या जाडीत आहे, हा पहिला प्रश्न. एक बोट बाहेरून आणि एक आतून, समोरासमोर ठेवून फिरवायचं. बाहेर उंचवटा आणि आतून सपाट, तर काच साच्यात ओतून वरून दट्ट्याने दाबलेली. दट्ट्या गुळगुळीत म्हणून आतली बाजू गुळगुळीत. बाहेर उंचवटा आणि त्याच जागी आत खळगा, तर साच्यात फुंकलेली. काच फुग्यासारखी फुगून साच्याला चिकटलेली. नक्षीच्या कडा बोटाला टोचाव्यात इतक्या धारदार आणि जोडाची रेघ कुठेच नाही, तर चाकावर कापलेली. दाबलेल्या काचेच्या कडा भट्टीच्या आचेने किंचित विरघळल्यासारख्या गोल असतात, बर्फाचा खडा तोंडात घोळवून बाहेर काढावा तशा.

२३ पैकी ११ दाबलेल्या, ७ फुंकलेल्या, ३ कापलेल्या. दोन वस्तूंबद्दल बोटं काही सांगेनात: एक गुलाबी फुलदाणी, एक चांदीसारखा गोळा.

५ मे

आजचा दिवस पेल्यांचा.

पेले चार. मूळचे सहा, दोन चुलतभावाच्या आईबरोबर डोंबिवलीला गेले. रंग पिकलेल्या आंब्याचा, आणि वर झिलई: पेला उजेडात फिरवला की केशरीतून जांभळा, जांभळ्यातून हिरवा सरकतो. डांबरी रस्त्यावर तेल सांडून वर पाऊस पडला की दिसतो तसा. कारणही तेच. अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग उठतात, काही मावळतात. पेल्यावर हा थर धातूच्या क्षारांचा आहे. काच तापलेली असतानाच त्यांचा फवारा मारतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या फेंटन कारखान्याने १९०७ मध्ये दाबलेल्या स्वस्त काचेवर ही झिलई देऊन ती बाजारात आणली. अमेरिकेतला टिफनी आणि बोहेमियातला (आजच्या चेक देशातला) लोएट्झ या कारखान्यांची झिलईदार काच तेव्हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात होती. फेंटनने ती साध्या घरातल्या टेबलावर नेली. पुढे जत्रेतल्या खेळांत बक्षीस म्हणून ती वाटली गेली, त्यावरून संग्राहकांनी तिला कार्निव्हल ग्लास म्हणायला सुरुवात केली. जत्रेची काच. हे आत्याला सांगितलं तर तिला ते लगेच पटलं, कारण आमच्याही जत्रेत बांगड्या आणि काचेची खेळणी येतातच.

पण हे पेले अमेरिकन दाबलेले नाहीत. आत बोट फिरवलं तर द्राक्षाच्या वेलीचा खळगा लागतो, म्हणजे साच्यात फुंकलेले. काच पातळ, अंगठ्याच्या नखाने टकटक केली की जाणवते. काठ फुंकनळीपासून तोडून सपाट घासलेला. भिंगाखाली घासल्याच्या रेघा एकाच दिशेने जातात. वेलीच्या खाली एक धुकट पट्टा आहे. तो मला आधी आम्लाने मंद केलेला वाटला. भिंगाखाली ठेवला तर साच्यातच कोरलेले बारीक बारीक ठिपके! आम्लाचा खर्च वाचवून साच्यानेच आम्लाची नक्कल केली आहे. असं काम पाहिलं की ज्याने साचा कोरला त्या कारागिराबद्दल आदर वाटतो.

मग तळ. इतकी वर्षं कोणी पेला उलटा करून उजेडात धरला नसावा. अक्षरं दिसली: जे, ए, आय, एन. जैन.

जैन ग्लास वर्क्स, फिरोजाबाद. बांगड्यांचं फिरोजाबाद. १९३० च्या दशकापासून तिथे अशी झिलईदार काच होत होती. हत्तीच्या, माशाच्या, हाताच्या पंजाच्या आकाराच्या त्यांच्या फुलदाण्या आज परदेशी संग्राहक शोधत असतात. आमच्या 'बेल्जियम'च्या पेल्यांनी आगबोटीचा शेवटचा टप्पा केला असेल, पण समुद्र ओलांडला नाही. मी बराच वेळ तो पेला हातात घेऊन ओटीवर बसले होते.

९ मे

वजनाचा दिवस. आज एक चूक झाली. ती तशीच्या तशी नोंदवते आहे.

घनतेची युक्ती सोपी. वस्तूचं कोरडं वजन घ्यायचं. मग पाण्याची बादली काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडायची, तळाला टेकू न देता. काटा जे दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. साधी सोड्याची काच २.५ च्या आसपास येते, शिशाची काच बरीच वर, ३ च्या जवळपास.

पेला: १९० ग्रॅम, पाणी ७६. म्हणजे २.५. साधी काच, अपेक्षेप्रमाणे.
कापलेली अत्तरदाणी: ३८६ ग्रॅम, पाणी १२७. म्हणजे ३.०४. शिशाची. टिचकी मारली की घंटेसारखी लांबत जाते.
गुलाबी फुलदाणी: ५४० ग्रॅम, पाणी २२७. म्हणजे २.३८.

२.३८ मला बसेना. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा काठाजवळून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडला. फुलदाणीच्या जाडीत हवा आहे, आणि मी तिथे पाणी घातलंय.

१२ मे

फुलदाणीची नक्षी शंकरपाळ्यांची आहे. घरात तिला शंकरपाळ्यांची फुलदाणीच म्हणतात. वरून हात फिरवला तर रेशमासारखी सपाट. शंकरपाळ्या दिसतात पण लागत नाहीत. बोटं ४ तारखेला गोंधळली ती यामुळे.

आता कळतंय. आधी पांढऱ्या काचेचा गोळा शंकरपाळ्यांच्या साच्यात फुंकला, त्यावर खळगे उठले. मग त्यावर गुलाबी काचेचा थर चढवला. थर खळग्यांवरून सपाट गेला आणि प्रत्येक खळग्यात चिमूटभर हवा अडकली. ती हवा आतून मोत्यासारखी चमकते. शेवटी सगळी वस्तू हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या संपर्कात आणून वरचा चकाकता पृष्ठभाग मंद केला. इंग्लंड, अमेरिका आणि बोहेमियात १८८० च्या दशकात या मोतिया साटीन काचेची मोठी लाट होती. तळाला फुंकणाऱ्याच्या सळईची तुटकी खूण घासून गुळगुळीत वाटीसारखी केलेली आहे.

ही 'बर्मीज' काच तर नव्हे, अशी शंकाही तपासली. गुलाबीतून पिवळ्यात उतरणाऱ्या त्या काचेचं पेटंट १८८५ चं, अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन कंपनीचं. इंग्लंडमध्ये थॉमस वेब यांनी पुढच्या वर्षी परवाना घेऊन ती 'क्वीन्स बर्मीज' म्हणून विकली. १८८५ म्हणजे ज्या वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं. तो पुढे रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. एकीकडे देश गिळायचा आणि दुसरीकडे त्याच्या नावाने फुलदाण्या विकायच्या, हे वाचताना रत्नागिरीचा तो राजवाडा डोळ्यांपुढे आला. असो. बर्मीज काचेत सोनं आणि युरेनियम असतं, ती टॉर्चखाली हिरवट उजळते, आणि तिला आतून वेगळं पांढरं अस्तर नसतं. आमची फुलदाणी टॉर्चखाली उजळली नाही, आणि अस्तर आहे. बर्मीज नाही.

काठाला तांदळाएवढी कपची उडालेली आहे, तिथल्या दोन शंकरपाळ्या उघड्या पडल्या होत्या. त्यांतच पाणी गेलं. मोती विझून दोन करडे डाग झालेत. फुलदाणी कपची खाली येईल अशी कलती करून सावलीत ठेवली आहे. उन्हात ठेवण्याचा मोह टाळला. दोन थरांच्या काचेला एकदम उष्णता दिली तर दोन्ही सारखे फुगतील याची खात्री नाही.

आत्याला सांगितलं. ती फुलदाणीकडे बघत म्हणाली, "फुटली नाय मां? बस झाला." पण मला चैन नाही.

१५ मे

रवळनाथाच्या देवळातल्या हंड्या. सभामंडपात आठ टांगलेल्या आहेत. पुजाऱ्यांनी दोरी सोडून एकेक खाली घेतली, हातातून मात्र सोडली नाही. बरोबरच केलं.

आठही हंड्यांवर धुकट वेलबुट्टी. लांबून सगळ्या सारख्या. भिंगाखाली तीन जाती निघाल्या.

पाचांवर वेल चाकाने काढलेली: धुकट भागात चाकाच्या फिरण्याच्या बारीक समांतर रेघा, पानाच्या मधोमध खोल आणि टोकाकडे उथळ. हात थरथरला तिथे पान थोडं वाकडं गेलंय, आणि एकही पान दुसऱ्यासारखं नाही. दोघींवर आम्ल: साईसारखं सलग धुकं, रेघ नाही, खोली सगळीकडे सारखी. आठवीवर वाळूचा मारा. भिंगाखाली साखर सांडल्यासारखे टवके, कडा कागद कापल्यासारख्या काटेकोर. वाळूच्या फवाऱ्याचं तंत्र अमेरिकेत बेंजामिन टिलमनने १८७० मध्ये पेटंट केलं, त्यामुळे वाळू दिसली म्हणजे हंडी नवीच, असं लगेच म्हणता येत नाही. पण या हंडीच्या काठावर, पितळी कडं घासतं त्या जागी, ओरखडा नाही. बाकी सातांवर आहे, वेगवेगळ्या दिशांचा, कमीजास्त खोलीचा. आठवी मागाहून बसवलेली. पुजारी म्हणाले, एका वादळात एक फुटली होती असं त्यांच्या वडलांकडून ऐकलंय.

हंड्यांत तेलाचा दिवा लावणं थांबलं, आता आत बल्ब आहेत. हंडीच्या आतली काजळी मात्र काढू नका म्हणून सांगून आले. आतून घासताना हंडी फुटते.

१९ मे

माडाच्या आळ्याला खड्डा काढताना गड्याला एक हिरवी बाटली मिळाली. तिच्यावर पेल्यांपेक्षाही सुंदर इंद्रधनुष्य! गडी म्हणाला, "ही पण जैनाची काय?" बातमी वाडीभर पोचली आहे तर.

हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आमच्या किनाऱ्यावर तो वारंवार पडणार. पेल्याची चमक कारागिराने चढवलेली आहे, बाटलीची चमक हा काचेचा आजार आहे. ओलसर मातीत वर्षानुवर्षं राहिली की काचेतला सोडा आणि पोटॅश पाण्यात उतरतात, मागे सिलिकेचे कांद्याच्या पातीसारखे पापुद्रे राहतात, आणि त्या पापुद्र्यांवर प्रकाश खेळतो. मातीतून निघालेल्या रोमन काचेची हीच चमक पाहून युरोप-अमेरिकेतल्या कारखानदारांना ती भट्टीत उतरवायची इच्छा झाली. म्हणजे आधी आजार, मग त्याची नक्कल.

ओळखायचं कसं, ते दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. पेल्यावर चमक नक्षीच्या चढउताराबरोबर सलग जाते आणि फवारा जिथे पोचला नाही तिथे, म्हणजे तळाच्या आत, थांबते. बाटलीवर ती ठिगळाठिगळांनी आहे, मातीत दबलेल्या कुशीवर जास्त, आणि नखाचा नुसता स्पर्श झाला की अभ्रकासारखी सुटते. बाटलीला ओलं बोट लावलं तर तिथलं धुकटपण नाहीसं होतं आणि वाळल्यावर परत येतं. पेल्यावर काहीच बदलत नाही. बाटली घासायची नाही. चमक गेली तर काचेचा थर गेला.

फडताळातल्या दोन बाटल्यांच्या आतही तळाशी असंच पांढरट धुकं आहे. मातीत गेल्या नव्हत्या, पण बूच लावून ओल्याच ठेवल्या गेल्या. कोकणातल्या हवेत तेवढं पुरतं. आता सगळी बुचं काढून ठेवली.

२३ मे

परडी. हस्तिदंती रंगाची, अपारदर्शक, वेताचं विणकाम हुबेहूब. दाबलेली, आतून सपाट. जोडाची रेघ विणकामाच्या काठीतच लपवलेली आहे, भिंगाशिवाय सापडली नसती.

तळाशी मोराचं डोकं, आणि शेजारी शंकरपाळीच्या आकाराची खूण. आत्या म्हणाली, "मोर आसा म्हंजे तां आपलांच नाय गो?"

नाही. हा मोर इंग्लंडचा. गेट्सहेडच्या सॉवर्बी कारखान्याने १८७६ मध्ये ही मुद्रा नोंदवली. शंकरपाळी म्हणजे ब्रिटिश नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ पर्यंत चाललेली. तिच्या डोक्यावरचा रोमन तीन म्हणजे काच हा वर्ग. १८६८ नंतरच्या खुणांत उजव्या कोपऱ्यातलं अक्षर वर्ष सांगतं. इथे व्ही आहे, म्हणजे १८७६.

इथे थांबले असते तर 'परडी १८७६ ची' असं लिहून मोकळी झाले असते. पण ती खूण नक्षीची आहे, वस्तूची नाही. आणि सॉवर्बीने हा हस्तिदंती रंग 'क्वीन्स आयव्हरी' नावाने १८७९ मध्ये आणला. म्हणजे साचा १८७६ चा, काच त्यानंतरची. नक्षी एक वर्ष सांगते आणि रंग दुसरं. खरं वय दोघांपैकी उशिराच्या बाजूला शोधायचं. टॉर्चखाली परडी मंद हिरवी उजळली, युरेनियमचा अंश आहे. आत्याला धोक्याची भीती वाटली. फुलं ठेवायला हरकत नाही, खाण्याचं काही ठेवायचं नाही, असं ठरलं.

ज्या परडीत इतकी वर्षं जास्वंद आणि तगर गेली, ती साहेबाच्या देशातली, आणि 'बेल्जियम'चे पेले आपल्याच देशातले. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "देवाक काय, फुलां पोचली मां."

२८ मे

चिमणी खरंच ओगल्यांची, तळाच्या कड्यावर शिक्का आहे. या एका बाबतीत घराची आठवण अचूक निघाली. ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, आणि त्यांचा प्रभाकर कंदील तर तेव्हा प्रत्येक पडवीत असायचा. त्याआधी १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, एकेक पैसा गोळा करून. मला वाटतं, चिमणीलाही फुलदाणीच्या बरोबरीने स्वतःचं नोंदीचं कार्ड मिळायला हवं. तिच्यावर नक्षी नाही म्हणून ती मागे पडू नये.

७ जून

पाऊस लागला. कौलं वेळेवर झाली.

चांदीचा गोळा आज नोंदवला. घरात त्याला पाऱ्याचा गोळा म्हणतात. पारा नाही, फुंकलेल्या गोळ्याच्या आत चांदीच्या क्षाराचं पाणी फिरवून मुलामा दिलाय. बाहेरून नख लावलं तर नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीएवढी फट दिसते, म्हणजे मुलामा आतल्या बाजूने आहे. खालचं बूच सैल झालंय आणि तिथून काळे डाग वर चढतायत. बुचाभोवती मेण लावलं.

फुलदाणीतल्या एका शंकरपाळीतलं पाणी गेलं, मोती परतला. दुसरीत करडा डाग आहे तसाच. कार्डावर तो कधी आणि कोणाच्या हातून पडला ते लिहिलं आहे.

११ जून

डोंबिवलीला चुलतभावाला पेल्यांचे फोटो पाठवले होते, घरात असे दोन आहेत का बघ म्हणून. आधी म्हणाला, नाहीत, सोनेरी काहीच नाही. आज रात्री त्याने एक फोटो पाठवला. बेसिनपाशी टूथब्रश ठेवायचा साधा, फिकट, पांढुरका पेला. झिलई पूर्ण गेलेली, रोज घासून घासून. पण द्राक्षाची वेल तीच, खाली ठिपक्यांचा पट्टा तोच. मी लिहिलं, तळ उजेडात धर.

दुसरा फोटो पाच मिनिटांनी आला. चार अक्षरं स्पष्ट आहेत. सहावा पेला वहिनी शोधते आहे.